लग्नाचा केक आणि घरातील वडीलधारी माणसे

मे महिना जवळ आला की लांज्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुंबईहून आलेला चाकरमानी मुलगा वृद्ध वडिलांना तपासणीसाठी घेऊन येतो आणि जाता जाता विचारतो, "डॉक्टर, रिसेप्शनला केक आहे. बाबांना चालेल का?" बाबा शेजारीच बसलेले असतात, प्रश्न मात्र त्यांना वगळून माझ्यापर्यंत येतो. केकचा रंग, मजले आणि नक्षी यांवर घरात चार चार दिवस चर्चा होते. परंतु मांडवातील सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसांचा विचार शेवटी, तोही "त्यांना देऊ नका" एवढ्यापुरताच होतो. हा विचार केक ठरवतानाच व्हावा, यासाठी हे चार शब्द.

प्रथम केकची जात ओळखावी. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात सुमारे ३०० पौंड वजनाचा केक होता. त्या काळचा लग्नाचा केक म्हणजे सुकामेवा, साखर आणि मद्य यांनी घट्ट झालेला पदार्थ. त्यात जंतूंना वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी फार थोडे असल्याने तो महिनोन्‌महिने टिकत असे. आपण आज मागवतो तो क्रीमचा केक अगदी निराळा. त्यात ओलावा असतो, मलई असते, ताजी फळे असतात. तो ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात मांडवातला पारा बत्तिशीच्या पुढे असतो. अशा उष्म्यात क्रीमचा केक तासाभरापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये, हा साधा नियम आहे.

आता आपल्या लग्नाचा क्रम आठवून पाहा. केक दुपारीच रत्नागिरीहून गाडीच्या मागच्या सीटवरून निघतो, महामार्गावरचे धक्के खात पोहोचतो, सजावटीसाठी सहा वाजता मंचावर मांडला जातो आणि फोटो आटोपून साडेनऊला कापला जातो. मध्ये वीज गेली तर गेलीच. अशा केकमध्ये काही जंतू विष तयार करतात. ते विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही, आणि केक नंतर फ्रीजमध्ये ठेवला तरी नाहीसे होत नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. तरुण माणूस त्यातून दुसऱ्या दिवशी सावरतो. परंतु मूत्रपिंड दुबळे झालेल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला एका रात्रीचे निर्जलीकरणही रुग्णालयात पोहोचवू शकते.

यावर उपाय सोपा आहे. मंचावरचा उंच केक फोटोसाठी असतो. त्याचे बहुतेक मजले थर्माकोलचे करून घ्यावेत आणि कापण्यापुरता एकच मजला खरा ठेवावा. बेकरीवाले हे आनंदाने करून देतात. पाहुण्यांना वाटायचा केक वेगळा, साधा आणि थंड पेटीत ठेवावा. शक्य असल्यास क्रीमऐवजी सुकामेव्याचा किंवा कोरडा स्पंज केक निवडावा. उरलेला क्रीमचा केक "आजीसाठी ठेवलाय" म्हणून दुसऱ्या दिवशी देऊ नये.

दुसरा विषय मधुमेहाचा. बहुतेकांना भीती वाटते ती साखर वाढण्याची. मला लग्नघरात अधिक काळजी वाटते ती साखर उतरण्याची. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतले जाते, आणि मुहूर्त, आहेर, पंगत यांत जेवण मात्र तीन वाजेपर्यंत लांबते. मग घाम सुटतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि भोवतालची मंडळी म्हणतात, "उकाड्याने झालं असेल." रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता अशा वेळी केकचा तुकडा भरवू नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटताच जेवायला वाढावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल, तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूडच खिशात हवी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

मग केक खावा की नाही? साखर आटोक्यात असलेल्या ज्येष्ठाने दोन बोटांएवढा तुकडा, जेवणानंतर, रिकाम्या पोटी नव्हे, खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. त्या पंगतीत जिलेबी आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात मात्र सोडावा. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये. जेवणाच्या वेळा पुढे-मागे होणार असतील, तर आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. "शुगर-फ्री" या पाटीवर विसंबू नये. त्यात मैदा असतोच, आणि माल्टिटॉलसारख्या गोडव्याने पोट फुगते, जुलाब होतात. गुळाचा केकही मधुमेहींसाठी साखरेच्या केकसारखाच. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी चॉकलेट आणि सुकामेव्याचा केक डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

तिसरी गोष्ट गिळण्याची. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या, किंवा कवळी नीट न बसणाऱ्या माणसाला कोरडा भुसभुशीत केक घशात अडकू शकतो. त्याहून घातक म्हणजे वर पेरलेले बदाम, साखरेचे चंदेरी मणी आणि मजले सांभाळण्यासाठी खुपसलेल्या लाकडी काड्या. केक मागवतानाच "काड्या कुठे आहेत ते सांगा" असे बजावावे. ज्येष्ठांचा तुकडा ताटलीत वेगळा काढावा, त्यांना ताठ बसवावे, चमच्याने लहान घास द्यावा आणि मंचावर सर्वांसमोर तोंडात कोंबण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. नवरा-नवरीच्या चेहऱ्याला केक फासणे गमतीचे वाटत असेल. आजोबांच्या बाबतीत ती गंमत श्वासनलिकेपर्यंत जाते. केक कापताना उडवला जाणारा फसफसता फेसही बहुधा ज्वलनशील असतो. जवळ मेणबत्ती असेल तर भडका उडू शकतो, आणि दम्याच्या रुग्णांना त्या फवाऱ्याने धाप लागू शकते. तो नसला तर समारंभाचे काही उणे होत नाही.

आणि हो, केक म्हणजे बेकरीचाच असे कुणी ठरवले? आपल्या रत्नागिरीच्या घरांत तवशाच्या किसात तांदळाच्या कण्या, गूळ आणि खोबरे मिसळून, खाली-वर निखारे ठेवून धोंडस भाजत आले आहेत. तो कोकणचा केकच. तवशी पावसाळ्यानंतरची, पण मे महिन्यात फणसाच्या रसाची वाफाळलेली सांदणे तयार असतात. ती मऊ असतात, गिळायला सोपी असतात आणि फार वेळ न ठेवता ताजीच खाल्ली जातात. गोडी त्यातही आहे, म्हणून मात्रा तीच सांभाळावी. एका लग्नात नातीने मंचावर छोटा केक कापला आणि आजीच्या हातची सांदणे त्याच ताटात मांडली. त्या दिवशी आजीला "तुला चालत नाही" असे कुणालाही म्हणावे लागले नाही, कारण समारंभाच्या त्या भागाची ती यजमान होती.

वाचकहो, वृद्धत्वात शरीराच्या दुखण्याइतकेच खुपते ते आपल्या देखत आपल्याविषयी ठरवले जाणे. पंगतीत सर्वांसमोर ताटलीतला तुकडा उचलून नेला की मधुमेह सुधारत नाही. माणूस मात्र पुढच्या समारंभाला यायचे टाळतो, किंवा कुणी नसताना दुप्पट खातो. म्हणून सुश्रुषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे: केकची नोंदणी करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना त्यांची आवड विचारा, किती खायचे ते त्यांच्याशीच बोलून आधी ठरवा, आणि लग्नाच्या दिवशी त्यांची औषधे, जेवणाची वेळ व ग्लुकोजची पुडी एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवा. ज्येष्ठांनीही आपली इच्छा आणि आपली मर्यादा, दोन्ही मोकळेपणाने सांगाव्यात. एवढी तयारी असेल, तर तो दोन बोटांचा तुकडा खाताना कुणाला चोरटेपणा वाटणार नाही आणि कुणाला भीतीही वाटणार नाही.