गुणी बाळ, १० मिलीग्रॅम

परवा बाणेरच्या सिग्नलला मागच्या एसयूव्हीनं आमच्या गाडीला ठोकलं. बंपर गेला. मी खाली उतरलो आणि त्या काकांना विचारलं, ‘‘तुम्हाला लागलं नाही ना?’’ बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला नवरा बदलून मिळालाय.

वर्षभरापूर्वी याच सिग्नलला मी एका रिक्षावाल्याची कॉलर धरली होती. का, ते आता आठवतही नाही. रागाच्या बाबतीत मी थेट बाबांवर गेलोय. आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावलं जायचं आणि आई मुकाट्यानं फरशी पुसायची. मी ताटं नाही भिरकावली, कीबोर्ड आपटले. पिढीगणिक प्रगती, दुसरं काय!

मग एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला, वाटलं संपलं सगळं. ईसीजी नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं आणि त्या मॅडमनी एस्सिटालोप्रॅम लिहून दिली, १० मिलीग्रॅम. गोळी काळजीसाठी होती, रागासाठी नव्हे. पण दोनेक महिन्यांत धडधड थांबली आणि तिच्याबरोबर रागही गेला. एकावर एक फ्री! आई म्हणाली, ‘‘किती गुणी झालाय माझा बाळ!’’ चौतिसाव्या वर्षीसुद्धा हे ऐकायला बरं वाटतं हो.

सगळं छान चाललं होतं. मग अप्रेझल आलं.

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. एका प्रोजेक्टसाठी तिनं चार महिने शनिवार-रविवार घातले. रेटिंगच्या मीटिंगमध्ये तिचं काम भलत्याच्याच नावावर लागलं. मॅनेजर म्हणाला, ‘‘ह्या वेळी जरा अ‍ॅडजस्ट कर ना.’’ मी म्हणालो, ‘‘ओके.’’ घाबरून नव्हे, लाचारीनंही नव्हे. मला खरंच काही वाटलं नाही. संध्याकाळी कॉफी मशीनपाशी ती एवढंच म्हणाली, ‘‘तू काहीच बोलला नाहीस ना? पूर्वी बोलला असतास.’’

त्या रात्री झोपेचं खोबरं झालं. लॅपटॉप उघडून वाचत बसलो आणि एका प्रयोगापाशी थबकलो. २०१० मध्ये मॉली क्रॉकेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना सिटालोप्रॅमचा एक डोस दिला. सिटालोप्रॅम म्हणजे माझ्या गोळीची सख्खी बहीणच. मग त्यांना एक खेळ खेळायला लावला. समजा, मला १०० रुपये मिळालेत. त्यातले तुम्हाला किती द्यायचे ते मी ठरवणार. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर वाटणी पक्की. ‘नाही’ म्हणालात तर दोघांच्याही हाती भोपळा. मी ८० ठेवून तुमच्यापुढे २० टाकले तर? हिशेबानं २० घ्यावेत. पण पुष्कळजण भडकतात, ‘खड्ड्यात गेले तुझे २०’ म्हणतात, स्वतःचं नुकसान करून घेतात आणि समोरच्याला धडा शिकवतात. डोस घेतलेल्यांमध्ये हे ‘नाही’ म्हणणं कमी झालं. आणि गंमत म्हणजे, दुसऱ्याला प्रत्यक्ष इजा करण्याचा प्रश्न आला की हीच माणसं जास्त कचरत होती. म्हणजे डोस एकच, पण माणूस मऊही झाला आणि अन्याय गिळायलाही लागला!

आता, एका डोसचा प्रयोग आणि माझी रोजची गोळी यांत फरक आहे, कळतं मला. शिवाय त्या खेळात अन्याय स्वतःवर होता, इथे तिच्यावर झाला होता. पण ‘ओके’ म्हणणारा तो आवाज मला ओळखीचा वाटला.

जगात काही शहाणी माणसं हे मुद्दाम करावं म्हणतात. इंगमार पर्सन आणि ज्युलियन सावुलेस्कू यांनी २०१२ मध्ये ‘अनफिट फॉर द फ्युचर’ नावाचं पुस्तकच लिहिलं. म्हणणं असं की, आपली नीतिमत्ता छोट्या टोळीपुरती घडली आणि हातात मात्र अणुबॉम्ब आले. तेव्हा माणसाला औषधांनी अधिक चांगलं करता येईल का, ते शोधायलाच हवं. जॉन हॅरिस यांनी २०११ मध्येच याला हरकत घेतली होती. वाईट वागायची मोकळीकच काढून घेतली तर चांगलं वागण्यात ते काय राहिलं?

मला आजीची गोष्ट आठवली. एकनाथ महाराज गोदावरीवर स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीवर जायचे. परत तो थुंकायचा. असं १०८ वेळा! नाथांनी सकाळी एखादी गोळी घेतली असती, तर आजीनं मला ही गोष्ट सांगितली असती का? पण मग वाटलं, माझी बायको जन्मजात शांत आहे. तिनं तरी त्यासाठी काय कष्ट घेतलेत? तिचं कौतुक तर आपण करतोच.

पुढच्या फॉलोअपला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दम भरला, ‘‘मनानं गोळी बंद करायची नाही हं!’’ म्हटलं, ‘‘मॅडम, माझं मन म्हणजे नक्की कुठलं, तेच तर विचारायला आलोय.’’ त्या हसल्या नाहीत. ‘‘आधी ओरडायचात, ते काय विचार करून?’’

उत्तर नव्हतं. कॉलर धरली तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. बाबाही ताट भिरकावायचं ठरवून जेवायला बसत नव्हते. आता निदान मध्ये एक क्षण मिळतो, त्यात ठरवता येतं. फक्त पूर्वी अन्याय दिसला की आत घंटा वाजायची, ती आता वाजत नाही. ती आठवणीनं, हातानं वाजवावी लागते.

सोमवारी मॅनेजरला मेल लिहिला. चार महिन्यांचं काम, तारखांसकट. तिचं नाव ठळक. वर हेही लिहिलं की मीटिंगमध्ये मी ‘ओके’ म्हणालो ती माझी चूक होती. कीबोर्ड न आपटता लिहिलेला हा माझा पहिलाच भांडणाचा मेल. अजून उत्तर नाही. कॅन्टीनमध्ये मॅनेजर नजर चुकवतोय, आणि पुढचं प्रमोशन गेलं असं टीममध्ये सगळे धरून चाललेत.

घरी सांगितलं तर बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, ‘‘गोळी घेतलीस ना आज?’’

‘‘घेतली.’’

‘‘बरं,’’ म्हणाली, आणि आमटीत मीठ कमी आहे हे मी तिला सांगितलं नाही.