संथ होडीतून गोवळकोट

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे होड्यांशी माझा संबंध आजवर कवितेपुरताच आला होता. भवसागर, पैलतीर, जीवननौका यांवर मी घंटा होईपर्यंत बोलू शकतो. पण खऱ्याखुऱ्या होडीत चढताना पाय कुठे टाकावा हे मला गेल्या मार्गशीर्षापर्यंत ठाऊक नव्हते. तो अगदी मधोमध टाकावा. काठावर टाकला तर होडी कलते आणि तांडेल हसतो. हे ज्ञान मी दाभोळच्या धक्क्यावर, चारचौघांच्या देखत मिळवले.

निमित्त अण्णांचे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय सत्त्याहत्तर. १९५०च्या दशकात, लहानपणी, ते मुंबईहून गावी जात ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. दाभोळला बोट सोडायची, लाँच धरायची आणि वाशिष्ठीच्या खाडीतून वर वर जात चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्याला उतरायचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाट बंद. पुढे रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. बोट गेली आणि लाँचही गेली. अण्णा मात्र दर दिवाळीला, करंजीचा तुकडा मोडता मोडता म्हणत, "एकदा त्या वाटेने जायला हवे." आम्ही "जाऊ या" म्हणत असू आणि चिवड्याकडे वळत असू. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की "जाऊ या" म्हणायचे दिवस संपत आले.

दुसरे निमित्त जरा अडचणीचे होते. माझा धाकटा चुलतभाऊ चिपळुणात असतो. खाडीत पर्यटकांना फिरवण्यासाठी त्याला वेगवान बोट घ्यायची होती. मागे दोन दणदणीत इंजिने, वर छत, बसायला गाद्या. त्यासाठी मोठे कर्ज काढायचे, आणि तारण म्हणून गावचे घर. घर सामाईक, म्हणून अण्णांची सही हवी. कागद घेऊनच तो दाभोळला आला होता. पिशवीतला तो प्लॅस्टिकचा लिफाफा आम्हा तिघांनाही दिसत होता आणि तिघेही त्याच्याविषयी बोलत नव्हतो.

ठरवलेली होडी पाहून भावाने तोंड वाकडे केले. बावीस फुटांची फायबरची होडी, आडव्या फळ्या, ऊन लागू नये म्हणून बांधलेली ताडपत्री, आणि मागे लटकवलेले दहा अश्वशक्तीचे इंजिन. "दादा, ही संध्याकाळपर्यंत तरी पोचेल का?" तो म्हणाला.

तांडेल चाचांनी हे ऐकले, पण उत्तर मला दिले. "मास्तर, आज तिथी कोणती?"

पंचांगाचे मला जेमतेम येते. "वद्य द्वितीया."

"दोन तिरिक सहा. सहाला चारानं भागा. दीड. म्हणजे दुपारी दीडला दाभोळात पाणी भरणार. आता सुकती संपली. भरती आपल्याला ढकलत नेते. इंजिन नुसतं सोबतीला."

वाचकहो, चाळीस वर्षे पंचांग घरात टांगलेले पाहिले; पण तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ निघते, हे मला कोणी सांगितले नव्हते. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब. होडीवाल्याला तो बोटांवर येतो आणि त्यात त्याचे इंधन वाचते. भरतीची गंमत अशी की तीही खाडीत वर वर सरकत जाते. दाभोळला पाणी भरले तरी गोवळकोटला ते आणखी उशिरा भरते. तिच्याबरोबर निघालेल्या होडीला ती बराच वेळ पुरते.

आठाच्या सुमारास आम्ही निघालो. पाठीमागे खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, समोरच्या काठावर धोपावे, आणि दोन्ही काठांमध्ये मोटारी पोटात घेऊन येजा करणारी फेरीबोट. दाभोळच्या किनाऱ्यावरची आदिलशाही काळातली मशीद हळूहळू लहान होत गेली. बहामनी अमदानीत इराण-अरबस्तानची जहाजे या बंदरात लागत. आज तिथे जाळी वाळत घातलेली होती आणि एक मांजर त्यांचा वास घेत बसले होते.

इंजिनाचा आवाज फार नव्हता. चाचांनी ते निम्म्यावर ठेवले होते. भावाने विचारले, "पूर्ण का सोडत नाही?" चाचा म्हणाले, "सोडतो, बघा." त्यांनी कान पिळला. इंजिन ओरडू लागले, नाळ वर उचलली गेली, मागे पाण्याचा डोंगर उभा राहिला. पण काठावरची झाडे काही फारशी वेगाने धावेनात. चाचांनी हात पुन्हा सैल केला. "बघितलंत? तेल दुप्पट जळतं आणि होडी आपल्याच लाटेवर चढत बसते."

घरी परतल्यावर मी हे पुस्तकात पडताळून पाहिले. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात लहान नमुने पाण्याच्या टाकीत ओढून याचाच अभ्यास केला होता. पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीने एक मर्यादा घातलेली असते. पाण्यात टेकलेली लांबी वीस फूट असेल तर तो वेग साधारण सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. त्याच्या आत राहिलात तर लहानसे इंजिनही पुरते. त्याच्यापुढे जायचे तर होडी पाण्यावर उचलून पळवावी लागते, आणि त्याला शेकडा अश्व लागतात. शंभर अश्वशक्तीचे इंजिन भरवेगात तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिते. आमचे दहाचे इंजिन निम्म्यावर ताशी दोन लिटरांत भागवत होते.

असले इंजिन बाजारात रूढ केले ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने, १९०९ साली. त्याची दीड अश्वशक्ती होती. सांगतात की उन्हाळ्यात प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळले. तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. चाचांना प्रेयसी-आइस्क्रीम यांचे काही नाही. त्यांना हे इंजिन आवडते ते एकट्याला उचलून घरी नेता येते म्हणून.

खाडी वळत होती. दोन्ही बाजूंना कांदळवन, त्याच्या कडेने बगळे, मधूनच खंड्याची निळी रेघ. चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिले. वेगवान बोट असती तर तिच्या लाटेने त्या भिजल्या असत्या. आम्ही इतके सावकाश होतो की एकीने विचारले, "खंय जातास?" आणि अण्णांनी सगळे उत्तर देऊन पुरे केले, तरी आम्ही तिच्या समोरच होतो.

भोपण, परचुरी मागे पडली. मालदोलीच्या बाजूला येताना चाचांनी बोट दाखवले. चिखलाच्या पुळणीवर हिवाळ्याचे ऊन खात मगर पडली होती. ओंडका समजून मी तिच्याकडे कौतुकाने पाहत होतो, तोच ओंडक्याने तोंड उघडले.

आणि नेमके तेव्हाच इंजिन गचके देऊन बंद पडले.

पंख्यात नायलॉनची दोरी गुंतली होती; कोणाच्या तरी तुटक्या जाळ्याची. होडी भरतीबरोबर कांदळाकडे सरकू लागली. भावाचा चेहरा पांढरा झाला. मी अण्णांचे जीवरक्षक जाकीट उगाचच पुन्हा घट्ट केले. त्यांना इथे आणायला मी कोण, त्यांचे हट्ट पुरवायचे हे वय आहे का, असे सगळे मनात येऊन गेले. चाचा मात्र शांत होते. "पाणी चढतंय मास्तर. चढत्या पाण्यात रुतली तर होडी घटकेत तरते. उतरत्यात रुतली तर सहा तास बसा." त्यांनी इंजिन कलते करून पंखा पाण्यावर आणला, कोयतीने दोरी कापू लागले, आणि म्हणाले, "वल्हं कोण धरतो?"

मी हात पुढे करीपर्यंत अण्णांनी वल्हे घेतले होते. गुडघे दुमडत नव्हते. पण हात चालत होते. वल्ह्याचे टोक चिखलात रोवून त्यांनी होडी काठापासून दूर धरली. दहा मिनिटे. कोणी बोलले नाही. मगर एव्हाना पाण्यात उतरून नाहीशी झाली होती, हे मी घरी सांगितलेले नाही.

इंजिन पुन्हा सुरू झाले. पुढे पाण्याचा रंग बदलू लागला. चाचा म्हणाले, हे कोयनेचे पाणी. पूर्वेकडे जाणारी कोयना डोंगर पोखरून पोफळीला आणली. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीला मिळते. मग २२ जुलै २०२१चा पूर निघाला. त्या पुराने चिपळूण बुडवले, भावाचे दुकानही. "गाळ वाढलाय," चाचा म्हणाले. "दोन इंजिनांची बोट ओहोटीला इथं घासते. हिला दीड फूट पाणी पुरे." भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "चाचा, ह्या सगळ्याला काय पडलं?" आकडा ऐकून तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

दुपारी एकच्या पुढे गोविंदगडाची टेकडी दिसली. अण्णा म्हणाले, "जरा हळू घ्या." याहून हळू काय घेणार? पण चाचांनी इंजिन बंदच केले, आणि होडी भरतीने आपोआप धक्क्याकडे जाऊ लागली.

"लाँच यायला रात्र व्हायची," अण्णा म्हणाले. "वडील कंदील घेऊन इथं उभे असायचे. लाँच इतकी सावकाश यायची की कंदील दिसल्यापासून ते भेटेपर्यंत मला पुष्कळ वेळ मिळायचा. तो वेळच मला आठवतो."

धक्क्यावर उतरल्यावर भावाने पिशवी उघडली. मला वाटले, आता लिफाफा निघणार. निघाली ती पाण्याची बाटली. ती अण्णांच्या हाती देऊन तो म्हणाला, "काका, सहीचं राहू द्या. अशीच एक जुनी होडी मिळते का बघतो. घराला हात लावायला नको."

अण्णांनी पाणी प्यायले आणि चाचांना विचारले, "उद्या तृतीया. म्हणजे सव्वादोनला भरती, होय ना?"