खोडदचे कान

सोलापूर जिल्ह्यातील वळसंग गावी रात्रीची जेवणे आटोपली, की एखाद्या अंगणात आजोबांचा जुना रेडिओ लागतो. काटा फिरविताना आधी खरखर होते आणि मग गाणे ऐकू येते. “आजोबा, ही खरखर कोण करते हो?” असे नातवाने विचारले, तर “कोठेतरी वीज चमकली असेल, बाळ,” असे आजोबा सांगतात. त्यांचे उत्तर बरेचसे खरे आहे. पण पुरते नाही.

अमेरिकेतील कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता याच खरखरीचा माग काढीत होता. जवळच्या व दूरच्या वादळांचा आवाज त्याने ओळखला. तरी एक मंद सूर शिल्लक उरलाच. तो रोज सुमारे चार मिनिटे आधी येई. तारेही रोज तेवढेच आधी उगवतात! तो सूर आकाशगंगेतून येत आहे, असे जान्स्कीने १९३३ साली जाहीर केले.

आकाशातील अशा रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण म्हणजे परातीसारखी एक प्रचंड तबकडी. लहरी अत्यंत क्षीण, म्हणून तबकडी मोठी हवी. प्वेर्तो रिको बेटावर आरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची तबकडी जमिनीच्या खोलगटात बसविली होती. २०२० च्या डिसेंबरात तिच्यावर टांगलेला अवजड मंच कोसळला आणि ती निकामी झाली. चीनमधील तबकडी ५०० मीटरांची आहे. परंतु असे धूड हव्या त्या दिशेला वळविता येत नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांनी निराळा मार्ग धरला. तेथील दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन दिशांना, थेट दूरच्या शिवारांपर्यंत. हा सारा विस्तार सुमारे २५ किलोमीटरांचा. सर्वांनी टिपलेले एकत्र जुळविले, की तेवढ्याच विशाल दुर्बिणीचे बारकावे दिसतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथेही २७ तबकड्या अशाच एकजुटीने काम करतात. मात्र त्या २५ मीटरांच्या आहेत.

खोडदच्या तबकड्यांना पत्रा नाही, पोलादी तारांची जाळी आहे. चाळणीतून पीठ गळते, कोंडा वर राहतो; तसा जाळीतून वारा निघून जातो आणि लांब लहरी मात्र परततात. तबकडी हलकी झाली, खर्चही वाचला. केवढी साधी युक्ती!

या दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजले जातात, दीर्घिकांतील हायड्रोजन शोधला जातो. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची एक लहर येथे सापडल्याचे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती मोठी झाली, म्हणूनच हाती लागली.

इतक्या नाजूक लहरीपुढे आपला भ्रमणध्वनी म्हणजे ढोलताशाच. विजेच्या खांबावरील तार सैल होऊन ठिणगी उडाली, तरी निरीक्षण बिघडते. मग अब्जावधी वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या लहरीसाठी, ती सैल तार शोधीत अभियंत्यांना शेताच्या बांधांवरून फिरावे लागते.