माळ्यावरची अमानत

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा आम्ही हाताला लागेल ते माळ्यावर चढवलं. धान्याचे डबे, गाद्या, मुलांची दप्तरं, कागदपत्रांची पेटी. पूर ओसरल्यावर चिखल उपसून झाला आणि तेच सामान खाली उतरवताना माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला एक रेडिओ सापडला. जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. त्याच्या नॉबला सुतळीनं बांधलेली एक चिठ्ठी होती.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. सर्वांत मोठी आपा, मग कुवेतमध्ये 22 वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करून परत आलेले भाईजान, आणि शाळेत उर्दू-मराठी शिकवणारा धाकटा, ज्याच्याकडे हे लिहायचं काम आलं आहे. अब्बा मरहूम रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर फळ्या आणि राळेचा वास. त्या वासावरच आमचं बालपण गेलं.

चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं आणि गावाचं नाव मराठीत होतं, बाकीचं उर्दूत. अब्बांची तशीच पद्धत होती. नाव सगळ्यांना वाचता यावं म्हणून मराठीत, आणि आजार आपल्यापुरता म्हणून उर्दूत. घाईच्या उर्दू अक्षरात लिहिलं होतं : आउटपुट जळाला, पेशगी 20 रुपये मिळाले. तारीख होती मे 1987 ची.

हा सेट आमचा नव्हताच. 34 वर्षं तो आमच्या माळ्यावर दुसऱ्याचा म्हणून पडून होता. अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं कुणाचं देणं राहिलेलं नाही, असं आम्ही जनाजाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारून खात्री करून घेतली होती. मयताचं देणं आधी फेडायचं आणि मगच वारसांची वाटणी, हे आपल्या घराघरात माहीत असतं. आम्हीही तसंच केलं, असं समजत होतो. हे 20 रुपये आणि हा सेट मात्र कुणाच्याच लक्षात नव्हता.

1987 हे सालही लक्षात घेण्यासारखं आहे. त्याआधी रेडिओ म्हणजे घरातला मानकरी. पोस्टात फी भरून त्याचा परवाना काढावा लागे. 1952 पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, 1957 मध्ये विविध भारती आली, 1965 मध्ये आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस. अब्बांच्या टेबलावर सेटची रांग लागलेली असायची. मग जानेवारी 1987 मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि गावोगाव टीव्ही आले. बंद पडलेला रेडिओ परत न्यायला लोक येईनासे झाले. काही वर्षांत अब्बांनी दुकान बंद केलं.

पुरानंतर घरात पैशाची ओढ होती. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला होता, त्यानं बंद स्थितीतल्या त्या सेटचे 8 हजार देऊ केले. फ्रिज गेला होता, भिंतींचा गिलावा सुटला होता. भाईजान म्हणाले, "इतक्या वर्षांनी कोण विचारणार आहे?" आम्हीही गप्प होतो. अम्मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जो विकायचा म्हणताय, तो आपला आहे का?" त्यानंतर व्यापाऱ्याचा विषय निघाला नाही.

परत द्यायचा तर चालू करूनच द्यायचा, असं आपानं ठरवलं. पेशगी दुरुस्तीसाठी घेतलेली होती ना!

भाईजान पिन लावून बघायला निघाले, तेव्हा अब्बांचा नियम आठवला. बरीच वर्षं बंद असलेला सेट कधी सरळ लाइनवर घालायचा नाही. आधी मधे 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो. वर्गात सांगतो तसं सांगायचं तर तो बल्ब म्हणजे दारावरचा पहारेकरी. दुसरा नियम असा की सेट बंद केला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तो अडीचशे व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून तो उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. कुवेतच्या इमारतींना वीज देणारा माणूस या पेटीसमोर पुन्हा शिकाऊ झाला.

मागचं झाकण काढलं. उंदरांनी एका वायरीचं रबर खाल्लं होतं, डायलची दोरी तुटली होती, पण पाचही व्हॉल्व्ह जागेवर होते. मीटर लावला आणि चिठ्ठीतलं निदान बरोबर निघालं. स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची आतली तार जळून तुटली होती.

आता प्रश्न असा की ती जळली का? हे समजून न घेता नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, तर तोही जळणार. शेवटच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे एक छोटा कंडेन्सर असतो. त्याचं काम आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा डीसी करंट अडवायचा. जुने कंडेन्सर कागदाचे असत. कोकणच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो. मग व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून तापून जातो. म्हणजे जळतो एक आणि गुन्हेगार दुसराच. आम्ही तो कंडेन्सर शोधला. आजूबाजूचे सगळे मेणचट, काळपट, आणि हा एकटा नव्या धाटणीचा, पॉलिएस्टरचा. दोन्ही टोकांचं सोल्डरिंग गोल, चकचकीत, अब्बांच्या हातचं.

आपा म्हणाली, "म्हणजे त्यांनी अर्धं काम केलं होतं."

अब्बांनी मूळ कारण शोधून दूर केलं होतं. अडलं होतं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. अम्मींना तेव्हा आठवलं की कसल्याशा ट्रान्सफॉर्मरसाठी ते एकदा मुंबईला जाऊन हात हलवत परत आले होते. त्यापुढचं त्यांनाही आठवेना.

आम्हालाही तयार ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही. भाईजाननी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सोडवल्या आणि तार उलगडत वेढे मोजले. आतल्या बाजूला केसासारख्या तारेचे जवळजवळ 3000 वेढे आणि स्पीकरच्या बाजूला जाड तारेचे 75. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तशीच तार आणली. हातानं फिरवायच्या ड्रिलला लाकडी ठोकळा बसवून भाईजान ड्रिल फिरवत आणि तार बोटांतून सोडत. मोजायला आपा. दर शंभर वेढ्यांना ती एक चिंचोका बाजूला टाकायची. अब्बांच्या जियारतीला आयते करीमा मोजायला वापरलेला तोच चिंचोक्यांचा डबा होता. पहिल्या वेळी 19 चिंचोके झाले आणि तार तुटली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी 30 पूर्ण झाले.

बाकीचं काम त्यामानानं सोपं होतं. गळके कागदी कंडेन्सर बदलले, वीज गाळणारा मोठा कंडेन्सर बदलला, अब्बांनी घातलेला मात्र मीटरवर तपासून तसाच ठेवला. तो अजूनही उत्तम होता. डायलला नवी दोरी ओवायला दोन संध्याकाळी गेल्या. पेटीला मुलांनी लाखेचं पॉलिश केलं.

डिसेंबरमधल्या एका रात्री सिरीज बल्ब लावून बटण फिरवलं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. व्हॉल्व्हच्या काचेत नारिंगी उजेड आला. अर्ध्या मिनिटानं आधी घूंऽऽ, मग खरखर, आणि खरखरीतून एक माणसाचा आवाज. बातम्या होत्या. कसल्या ते कुणीच ऐकलं नाही. अम्मी उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी रेडिओ चादरीत बांधून रिक्षानं गुहागर तालुक्यातल्या त्या गावी गेलो. चिठ्ठीवरचं नाव विचारत घर सापडलं. ते गृहस्थ 17 वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या पत्नी पडवीत बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. आम्ही कोण ते सांगितलं आणि चादर सोडली. आजी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "आमचे हे शेवटपर्यंत म्हणायचे, त्या रेडिओवाल्यानं आपला रेडिओ विकून खाल्ला."

रस्ताभर आम्ही काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं उरलं नाही. ज्या अब्बांच्या इमानदारीच्या गोष्टी आम्ही मुलांना सांगत होतो, त्यांना या घरात 17 वर्षं हयातीत आणि पुढची 17 वर्षं आठवणीत चोर समजलं गेलं होतं. आणि राग तरी कुणावर धरायचा? चूक अब्बांचीच होती. ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही, तर एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. सेट तसाच परत द्यायला हवा होता. काम अर्धवट राहिल्याची लाज वाटली असेल, आज-उद्या करता करता वर्षं गेली असतील. पण सांगितल्याशिवाय समोरच्याला कसं कळणार?

आपा पुढे झाली, आजींच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आजी, रेडिओ विकला नव्हता. पण तुम्हाला कळवलं नाही, ही आमच्या अब्बांची चूक झाली. त्यांच्या वतीनं आम्ही माफी मागतो."

आजींच्या नातवानं अंगणात वायर ताणून एरियल केला. सेट लावला. मीडियम वेव्हवर काटा सरकवता सरकवता आकाशवाणीचं केंद्र लागलं, कुणीतरी भावगीत गात होतं. आजींनी पुढे होऊन स्वतः आवाज थोडा कमी केला. "ह्यांना मोठा आवाज चालायचा नाही," म्हणाल्या.

निघताना आपानं पाकीट पुढे केलं. त्यात पेशगीचे 20 रुपये होते. दुरुस्तीला एवढी वर्षं लावली, तर पेशगी ठेवून घ्यायची कशी, असं तिचं म्हणणं. आजी आधी नको म्हणाल्या. मग काहीतरी विचार करून पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "घेते. म्हणजे तुमच्या वडिलांचा आणि आमच्या ह्यांचा हिशेब मिटला." आम्हाला तेवढंच हवं होतं. येताना त्यांनी आमसुलांची पिशवी दिली, ती घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

घरी येऊन अम्मींना सगळं सांगितलं, ते चोर म्हणायचे तेही. अम्मी इतकंच म्हणाल्या, "बरं झालं गेलात."

आपल्या मोठ्यांच्या मागे आपण दुआ करतो, सदका देतो. त्याबरोबर एकदा माळा, जुनी वही, पेटीच्या तळाची चिठ्ठीही बघावी, असं आता आम्हाला वाटतं. आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपायी कुणाच्या तरी घरात आपल्या माणसाचं नाव अडकून पडलेलं असू शकतं.

अब्बांची दुकानाची वही आम्ही त्याच आठवड्यात पहिल्या पानापासून वाचून काढली. 'दिला' अशी खूण नसलेली आणखी चार नावं आहेत. सेट कुठेच नाहीत. पत्ते मात्र आहेत. त्यातल्या दोन घरी जाऊन आलो, दोन राहिली आहेत.