बिल्ला क्रमांक ०३२३३

समुद्राचें शास्त्र म्हटलें म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्रें व मोठमोठ्या बोटी आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तीं साधनें या शास्त्रास लागतात, यांत संशय नाहीं. परंतु आपल्या कोंकण किनाऱ्यावर या शास्त्राचें जें काम चाललें आहे, त्यांत टोपली, विजेरी व पहाटे उठण्याची संवय यांचा वांटाही थोडा नाहीं.

२००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें (नाना फडणिसांचें मूळ गांव तें हेंच) ऑलिव्ह रिडले कासवांचीं अंडीं राखण्यास आरंभ केला. तत्पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत. उरलीं तीं कोल्हे-कुत्रे खात. पुढें गांवकरी वाळूवरील मागावरून घरटें शोधूं लागले. शंभर-सव्वाशें अंडीं अलगद काढावयाचीं, कुंपणांतील तितक्याच खोल खड्ड्यांत पुरावयाचीं आणि सुमारें पन्नास दिवस राखावयाचीं, असा हा क्रम. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. म्हणून तिच्या उष्णतेकडेही अभ्यासकांचें लक्ष असतें.

कासवी आपल्या पिलांचें पोषण केवळ दृष्टीनें करिते, असें संतकवींनीं वारंवार सांगितलें आहे. दृष्टांत मोठा गोड. पण सागरी कासवी अंडीं वाळूनें झांकून जी समुद्रांत परतते, ती पिलांचें तोंडही पाहत नाहीं. मग ती जाते कोठें? २०२२ सालीं भारतीय वन्यजीव संस्था व राज्याचा कांदळवन कक्ष यांनीं पांच माद्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश धाडणारीं यंत्रें बसविलीं, तीं याच प्रश्नासाठीं. पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग, म्हणून पहिलीचें नांव प्रथमा ठेविलें.

याहून नवलाची वार्ता २०२५ च्या जानेवारींत गुहागरहून आली. तेथें अंडीं घालावयास आलेल्या एका कासवीस ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला होता. तो तिला २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं लाविला होता! सुमारें ३,५०० किलोमीटरांचा हा प्रवास. लंकेस वळसा घालून ती आली कीं पांबनच्या वाटेनें, हें तिचें तिलाच ठाऊक. परंतु पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवें निरनिराळीं, या समजुतीस त्या इवल्याशा बिल्ल्यानें धक्का दिला.

ही हकीकत आम्हीं वर्गांत सांगितली, तेव्हां कोळ्याच्या घरचा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, कासव जाळ्यांत आलें म्हणजे माझे वडील जाळें कापतात. तें जाळें भरून कोण देतो?" आम्हीं त्यास सांगितलें कीं, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं जाळें कापल्यास छायाचित्राच्या पुराव्यावर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारनें २०१८ सालीं काढिली. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "आणि त्या दिवसाची मासळी?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व वर्गही निःशब्द झाला. पुढील आठवड्यांत त्यानें आम्हांस एक वही दाखविली. वडिलांनीं सोडलेल्या कासवांची तारीख, जागा व पाठीची लांबी वितींत मोजून त्यानें लिहिली होती. आजवर तीन नोंदी झाल्या आहेत. तिसऱ्या नोंदीपुढें त्यानें लिहिलें आहे: "बिल्ला नाहीं. दोन्ही बाजूंनीं पाहिलें."