केसाची सहनशक्ती

शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एकदा आम्हा मुलींना डोक्यातला एकेक केस काढून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायला लावला. बोटं पुढे-मागे चोळत राहिलं की केस आपोआप एकाच दिशेने सरकू लागायचा. उलटा धरला की विरुद्ध दिशेने. प्रत्येक वेळी पुढे जायची ती मुळाची बाजू. केसाच्या अंगावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि त्या सगळ्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट सहज घसरतं, उलट जाताना अडतं. रोज विंचरत असलेल्या या वस्तूला काही रचना आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

घरात केसांचा सगळा कारभार आजीकडे होता. न्हाण्याच्या आदल्या रात्री कोमट खोबरेल, सकाळी शिकेकाई. गुंता झाला तर फणी आधी शेवटच्या चार बोटांत फिरवायची आणि मग हळूहळू वर सरकायचं. ओल्या केसांना फणी लावलेली तिला मुळीच खपत नसे. फणीत उरलेलं गुंतवळ ती एका पुरचुंडीत साठवायची. दारावर येणारी बाई ते घेऊन बदल्यात सुया आणि पिना देऊन जायची. आजीचे हे नियम मला तेव्हा नुसती शिस्त वाटायचे.

पुढे भौतिकशास्त्र शिकायला लागले, तेव्हा प्रयोगशाळेत लेझरच्या झोतात केस धरून भिंतीवर पडणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून त्याची जाडी काढली. मिलिमीटरचा जेमतेम चौदावा-पंधरावा भाग. एवढा बारीक धागा साधारण ६० ते १०० ग्रॅम वजन पेलतो. पण मला त्याहून जास्त गुंतवून टाकलं ते केसाच्या ताणण्याने. वजन टांगत गेलं की सुरुवातीला केस हट्टी असतो, दोनेक टक्केच लांबतो. मग एका टप्प्यावर तो सैल होतो आणि भार फारसा न वाढवताही लांबत जातो, जवळजवळ २५-३० टक्क्यांपर्यंत. त्यानंतर पुन्हा ताठर होतो आणि अखेर तुटतो.

या मधल्या टप्प्याचं कोडं इंग्लंडमधल्या लीड्स इथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३०च्या दशकात क्ष-किरणांच्या मदतीने उकलत आणलं. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचे रेणू मुळात आखडलेले असतात आणि ताणले की उलगडतात, हे त्यांनी दाखवलं. ते आखडणं म्हणजे नेमकं मळसूत्री वळण, हे १९५१ मध्ये लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत ताणलेला निरोगी केस मोकळा सोडून पाण्यातच ठेवला, तर तो मूळ लांबीवर परत येतो. हे वाचलं तेव्हा मी केसाच्या प्रेमातच पडले. ताण आला की उलगडायचं आणि ताण गेला की आपल्या आकाराला परतायचं, यात त्याचं खरं बळ आहे.

पाण्याशी असलेलं हे नातं पुन्हा भेटलं ते कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत. झडपांच्या पांढऱ्या पेटीत माणसाच्या केसांची जुडी ताणून बसवलेली होती आणि तिला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर हवेतली आर्द्रता लिहीत होती. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ मध्ये या उपकरणावर ग्रंथ लिहिला होता. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की केस सुमारे दोन-अडीच टक्के लांबतो. त्याच्या आतले हायड्रोजनचे नाजूक बंध पाण्याने सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात.

तिथेच आजीच्या नियमांचा अर्थ लागला. ओला केस फुगतो, खवले उचलले जातात, घर्षण वाढतं आणि कमी ताणाला तो तुटतो. मुळाकडून ओढलेली फणी सगळा गुंता खाली ढकलून घट्ट करते. तेलाचंही तसंच. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. ते खोबरेल विकणाऱ्याच कंपनीतले होते, हेही सांगायला हवं. केसातून निघून जाणारं प्रथिन तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात.

माझ्या लेकीच्या पिढीत केस सरळ करून घेण्याची हौस आली. गरम इस्त्री हायड्रोजनचे बंध मोडते. पुढच्या न्हाण्यानंतर केस वाळताना ते पूर्ववत जुळतात. कायमचं सरळ करणारी काही रसायनं मात्र गंधकाचे मजबूत बंध तोडून नव्या जागी बांधतात. त्यातले सगळेच पुन्हा जुळत नाहीत आणि केस कायमचा दुबळा होतो. हौसेला माझी हरकत नाही. त्याची किंमत मात्र मुलींना आधी समजायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

केस जिवंत असतो तो फक्त त्वचेखाली, मुळाशी. बाहेर आलेला भाग निर्जीव असतो. त्याची जखम शरीर भरून काढत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढी वर्षं ऊन, पाणी, फणी आणि इस्त्री त्याने सोसलेली असते. उद्या केसांना हात लावाल, तेव्हा टोकाचं हे वय ध्यानात ठेवा आणि त्याला सगळ्यात हळुवार वागवा.