न लागलेल्या बक्षिसाचा जमाखर्च

गेल्या दिवाळीपूर्वी वसई रोड स्थानकाबाहेर एका अपंग विक्रेत्याने महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट माझ्या हाती ठेवले. नको म्हणण्याचा संकोच वाटला आणि मी ते घेतले. ही लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिचे नि माझे वय जवळपास सारखेच, तरी आमची गाठ कधी पडली नव्हती. पैजेचे खेळ मुळातच अन्यायकारक नाहीत, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, मात्र लगेच व्यसनाचा इशाराही देतो. शिवाय दारिद्र्याचे व्रत असते ते संघस्थांचे, आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंचे नव्हे. स्वतःची बाजू मांडताना मनाला वकील शोधावा लागत नाही!

सोडतीला तीन दिवस होते. रात्रीची प्रार्थना आटोपली की मी पेन्सिल घेऊन बसू लागलो. हिशेबाच्या सोयीसाठी एक कोटी धरले. गावासाठी सभागृह, ४५ लाख. गरीब रुग्णांच्या औषधांचा निधी, २५. ग्रंथालय, १५. शिष्यवृत्त्या, १०. उरलेले ५ लाख थोरल्या बहिणीला, तिच्या गळक्या छपरासाठी आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी. सभागृहाच्या कोनशिलेवरचा मजकूरही दुसऱ्या रात्री मनात तयार झाला. त्यात माझे नाव अर्थातच 'लहान अक्षरांत' होते.

तिसऱ्या रात्री कर आठवला. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर असतो. अधिभार व उपकर निराळे. कोटीतले हाती यायचे सुमारे ६५ लाख. म्हणजे ३५ लाखांची कात्री लावणे आले. मी खोडरबर उचलले आणि ते सर्वप्रथम फिरले ते शेवटच्या ओळीवरून.

चेकॉव्हची १८८७ सालची 'लॉटरीचे तिकीट' ही कथा सेमिनरीत असताना वाचली होती. तिच्यात पूर्ण क्रमांक पडताळण्याआधीच, नुसत्या कल्पनेने, नवराबायको एकमेकांचा द्वेष करू लागतात. तेव्हा मी त्या नवऱ्याला हसलो होतो.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा बाय पंधरा वर्षांची होती. शाळा सोडून तिने सोनचाफ्याची पाटी डोक्यावर घेतली. पहाटेची गाडी, मालाचा डबा, दादरचा फुलबाजार. मी सेमिनरीत दाखल झालो तेव्हा माझी ट्रंक त्याच पैशांतून आली होती. हे सारे मला ठाऊक होते. तरीही कोटभर रुपयांच्या यादीत ती पाचवी आली आणि पहिली गेली. जे पैसे हाती नव्हतेच, त्यांतूनसुद्धा मी तिला वगळले होते.

तिकिटाला काही लागले नाही, हे सांगायला नकोच.

२०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या या बाईंची इच्छा काय, तर एक मोबाइल! घरात एकच होता म्हणून. ही हकीकत मी नंतरच्या रविवारी बायच्या ओटीवर बसून तिला सांगितली आणि विचारले, "तुला मिळाले असते तर?"

ती बराच वेळ वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "फर्स्ट क्लासच्या डब्यात बसेन. खिडकीशी. पाटी नाही, काही नाही. पार चर्चगेटपर्यंत जाईन."

"आणि मग?"

"मग काय, परत येईन."

छप्पर तिने काढलेच नाही. ते मी माझ्या बचतीतून, हप्त्याहप्त्याने, पावसाच्या आत करून घेतले. गुडघ्यांचे अजून राहिले आहे.

सोमवारी आम्ही दोघे गेलो. तिने लग्नकार्याची साडी नेसली होती. वसईची खाडी ओलांडताना ती काचेला नाक लावून बाहेर पाहत होती. पुढे बोरिवली, अंधेरी गेली तरी एक शब्द बोलली नाही. दादर आले तशी ती सवयीने उठून उभी राहिली.